तेहतिसावं गोपद्म

एकोणीस वर्षं झाली, मी दुसऱ्यांच्या सूटवर खुणा करते आहे. जबलपूरला बड़ा फुहाराच्या मागच्या गल्लीत, एका कापड दुकानाच्या वर, पियूष भैयांचा लेडीज सूट शिवायचा कारखाना आहे. कटाईहून कापड आलं की ते आधी माझ्या टेबलावर येतं. गळा किती खोल, वेल कुठून वळणार, बुट्टे किती अंतरावर, हे सगळं मी खडूच्या टिक्कीनं काढते. मग ते कापड नथ्थू भैयांच्या कढाईच्या, म्हणजे भरतकामाच्या, मशीनवर जातं. माझ्या रेघेवरून त्यांची सुई चालते. आमचं बोलणं फार नसतं. रेघ बोलते.

इतक्या वर्षांत हजारो सूट माझ्या हाताखालून गेले, पण मी स्वतः एकदाही घातला नाही. माझ्या सहा सुती साड्या, केसांची एकच वेणी घालायची जुनी सवय, गळ्यात तुळशीची बारीक माळ. आरशात मी कुंकू लावण्यापुरतीच बघते. हे काही मोठेपणानं सांगत नाही. वेळच नसायचा, आणि मला वाटायचं, आपल्याकडे बघण्यासारखं काय आहे?

राखीनंतरच्या सोमवारी प्रणाली सगळ्यांच्या मधे येऊन उभी राहिली आणि तिनं टाळी वाजवली. प्रणाली आमची नवी डिझायनर. नाशिकची, वय सव्वीस, जबलपूरला येऊन सहा महिने झालेले. कारखान्यात माझ्याशी मराठी बोलणारं दुसरं माणूस आलं म्हणून ती आली त्या दिवशी मी देवाजवळ साखर ठेवली होती.

"ऐका सगळ्या," ती म्हणाली, "शुक्रवारी बाहेरगावचे व्यापारी येताहेत. कटनी, मंडला, नरसिंहपूर. यावेळी हँगरवर माल दाखवायचा नाही. आपणच घालून दाखवायचा. प्रत्येकीनं स्वतःसाठी एक सूट काढायचा. तुम्ही कोण आहात ते त्यात दिसलं पाहिजे."

अंजनी शिलाईवाली. ती लगेच म्हणाली, "मैं तो जेब लगाऊँगी. दो-दो. स्कूटी की चाबी हाथ में लिए-लिए मर गई मैं."

तिच्या शेजारच्या मशीनवरची दीपा म्हणाली, "हम तो आस्तीन पे काँच लगाएँगे, सास को चौंधिया देंगे."

हसण्यात पियूष भैया आले. त्यांनी प्रणालीची यादी बघितली आणि माझ्या नावावर बोट ठेवलं. "दीदी को रहने दो. दीदी पीछे ही ठीक हैं. परेशान हो जाएँगी बेचारी."

वाईट मनानं नाही बोलले ते. पियूष भैया लहान होते तेव्हापासून मी इथं आहे, ते मला मान देतात. मला आधी सुटल्यासारखं झालं. आणि मग, आपल्याला सुटल्यासारखं झालं ह्याचंच वाईट वाटलं.

प्रणाली म्हणाली, "सगळ्या म्हणजे सगळ्या, पियूषजी."

कापडं वाटली तेव्हा माझ्या वाट्याला पोपटी आलं. मी हळूच म्हटलं, "प्रणाली, हिरवं नको ग. शुक्रवार आहे."

"मग?"

"श्रावणातला शुक्रवार. जिवतीचा. लेकरांसाठी असतो. त्या दिवशी मी हिरवं नेसत नाही, हिरव्या बांगड्यासुद्धा काढून ठेवते."

दीपानं ऐकलं. "अरे पर सावन तो राखी को खतम हो गया न?"

"तुमचा झाला. आमचा अजून पंधरा दिवस आहे."

"दीदी का सावन कभी खतम नहीं होता," दीपा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या, मीसुद्धा. खरंच आहे ते. इथं गावाचा सावन पौर्णिमेला सरतो आणि आमचा अमावास्येला. आम्ही मराठी माणसं इथं दर वर्षी अर्धा महिना एकटीच श्रावण पाळतो.

मला हळदीच्या रंगाचं सुती कापड मिळालं. सोमवारभर आणि मंगळवारभर ते माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर पडून होतं. लोकांच्या गळ्यांना कैऱ्या, वेली, जाळ्या काढताना माझा हात थांबत नाही. त्या पिवळ्या कापडाजवळ नेला की हातातला खडू नुसता फिरायचा. काय काढू? तुम्ही कोण आहात, म्हणे. मी रोज सकाळी चारला उठते, मी सूर्यकांतरावांची बायको आहे, दुर्वाची आई आहे, रांझीच्या बसमधली तिसऱ्या सीटवरची बाई आहे. ह्याचा बुट्टा कसा काढतात?

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोवर कोणालाही सांगितली नव्हती. माझं गोपद्मांचं व्रत चालू होतं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज आंघोळ करून तुळशीपुढे रांगोळीनं तेहतीस गोपद्मं काढायची. गोपद्म म्हणजे गाईचं पाऊल. दोन पाकळ्या आणि मधे चीर, एवढंच. त्यांना हळदकुंकू वाहायचं आणि मगच तोंडात काही घालायचं. अशी पाच वर्षं. हे माझं पाचवं. दुर्वा बाळंतपणात फार आजारी पडली होती तेव्हा आमच्या शहपुऱ्याच्या राधाबाईंनी मला ते घ्यायला सांगितलं. राधाबाई माझ्या सासूबाईंच्या मैत्रीण, आता ऐंशीला आल्यात. त्या म्हणाल्या होत्या, "घे, पन सांगत फिरू नको. व्रत मिरवाची गोष्ट नोय." दुर्वा बरी झाली, तिची लेक आता साडेचार वर्षांची आहे. मी कोणाला सांगितलं नाही. घरात सूर्यकांतरावांना दिसायचंच, तेवढंच.

बुधवारी नळाला पाणी आलं नाही. पावणेसातला आलं. आंघोळ झाली तेव्हा बसला दहा मिनिटं राहिली होती. सूर्यकांतराव म्हणाले, "आजच्या दिवस चार काढून ठेव, देव काय मोजून राहिला का?"

"देव नाही मोजत. मी मोजते ना."

तुळशीला नुसता नमस्कार करून निघाले. वाटलं, कारखान्यात पोचल्यावर काढू. पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

पोचल्यावर कळलं, काढू कुठं? जमिनीवर चाळीस पायांची ये-जा. रांगोळी घातली तर दोन मिनिटांत तुडवली जाणार. मग माझं लक्ष त्या हळदीच्या कापडाकडे गेलं. माझंच कापड आहे, कोरं आहे, रंगही पूजेचा आहे. त्यावर टिक्कीच्या खडूनं काढू, नमस्कार करू, मग खडू झटकून टाकू. रांगोळीही दुसऱ्या दिवशी पुसतोच ना आपण.

मी कापड उलगडलं आणि खालच्या काठानं, जिथं कुर्त्याचा घेर येतो, तिथं एकेक गोपद्म काढत गेले. फार शांत वाटलं. यंत्रांचा आवाज होता, अंजनी कुणाशी तरी फोनवर भांडत होती, तरी शांत वाटलं. एकतीस. बत्तीस.

"काकू!" प्रणालीनं खालून हाक मारली. "पटकन या ना, नवरीकडचे आलेत, गळा फारच खाली गेलाय, त्या बाई रडायला लागल्यात!"

एक राहिलं होतं. आले की काढीन म्हटलं. कापड कुणाच्या हाताला लागू नये म्हणून घडी न घालता उचललं आणि टेबलाच्या उजव्या कडेला ठेवून खाली गेले.

इथंच माझी चूक झाली. टेबलाच्या उजव्या कडेला ठेवलेलं कापड म्हणजे खुणा झालेलं, मशीनवर जायला तयार कापड. हा नियम कारखान्यात कुणी केला? मीच. एकोणीस वर्षांपूर्वी. नव्या मुलींना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते: डावीकडचं कच्चं, उजवीकडचं पक्कं, विचारायचं नाही.

नवरीचा गळा वर घ्यायला दीड तास गेला. मी वर आले. टेबलाची उजवी कड रिकामी होती.

नथ्थू भैयांनी मान वर केली. साठीचा माणूस, नाकावर चष्मा, कानात अत्तराचा फाया. "हो गया दीदी," ते म्हणाले, आणि त्यांनी ते कापड माझ्यापुढे पसरलं.

हळदीच्या रंगावर कुंकवाच्या रंगाच्या धाग्यानं बत्तीस गोपद्मं. एकसारखी. एकेका पाकळीला बारीक साखळी, मधली चीर रिकामी सोडलेली, अगदी मी खडूनं सोडली होती तशी.

"रंग आपने लिखा नहीं था," ते म्हणाले. "मैंने सोचा, हल्दी पे कुमकुम ही जमेगा. काय, गलत हो गया?"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं.

"दीदी? क्या हुआ? आपका ही तो चॉक था."

"चॉक माझाच होता भैया," मी म्हटलं. मग हिंदीत सांगायला लागले आणि निम्मं मराठीतच झालं. व्रत, तुळस, पाच वर्षं, तेहतीस. सांगायचं नव्हतं ते सगळं, आणि सगळ्यांत आधी कोणाला, तर नथ्थू भैयांना.

त्यांनी चष्मा काढला. "हे भगवान. मैंने तो आपकी पूजा पे मशीन चला दी." मग दबक्या आवाजात म्हणाले, "उधेड़ दूँ? ब्लेड से धीरे-धीरे निकल आएगा. कपड़े को पता भी नहीं चलेगा."

ब्लेड. गोपद्मांवर ब्लेड. मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

काय करावं मला सुचेना. ठेवावं तर ती पावलं कुर्त्याच्या घेरावर येणार, माझ्या पायाशी, आणि परवा व्यापाऱ्यांसमोर मी ती मिरवत चालणार. उसवावं तर माझ्या हातानं व्रत खरवडून काढल्यासारखं. आणि बत्तीसच झाली होती. पाच वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. आता शेवटच्या वर्षी, निम्म्या वाटेवर, मोडलं का? मी अजून पाणीही प्यायले नव्हते, आणि पिऊ की नको हेही कळत नव्हतं.

जिन्यात जाऊन राधाबाईंना फोन लावला. नातसुनेनं त्यांच्या कानाला लावून दिला असावा, कारण आधी बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"कोन? मीनाक्षी? काहून व, आवाज असा काहून येऊन राहिला?"

मी सगळं सांगितलं. मधे दोनदा त्या "जोरात बोल, पोरी" म्हणाल्या, म्हणून शेवटचं सगळं मला जिन्यात उभं राहून ओरडून सांगावं लागलं. माझं गुपित व्रत अख्ख्या कारखान्यानं ऐकलं.

"म्हनजे एक राहिलं," राधाबाई म्हणाल्या.

"हो."

"मंग ते काढ. दिवस मावळाच्या आत. अन् मंग जेव. रडून काय राहिली?"

"पण मावशी, कापडावर? आणि ते पायाशी येणार, घेरावर."

"गाईचं पाऊल आहे ना व ते? गाय जमिनीवरून चालते का तुह्या डोक्यावरून?"

मला हसू फुटलं, रडताना.

"आणि लोकांपुढे मिरवणं होईल ते?"

त्या म्हणाल्या, "पाच वर्सं कोनाले सांगितलं?"

"कोणालाच नाही."

"तू नाही सांगितलं. गाय सोताहून बाहेर आली. आता तिले दावं लावतेस का? मिरवनारी बाई अशी रडत नसते. जाय, सुई घे. अन् त्या कारागिराले काही म्हनू नको. हात चांगला आहे म्हन त्याचा."

मी वर आले तर नथ्थू भैया मशीनपुढे तसेच बसलेले, त्यांचा डबा बंद. अंजनी, दीपा, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं दाखवत होत्या. जिन्यातला आवाज वरपर्यंत आला होता.

"भैया," मी म्हटलं, "सुई द्या. हाताची. आणि तोच लाल धागा."

"मैं कर दूँ? दो मिनट का काम है."

"नाही. हे एक मला करायचं आहे."

त्यांनी सुई शोधली, धागा ओवून दिला. माझा चष्मा घाईत घरीच राहिला होता. खिडकीशी उजेडात बसून मी तेहतिसावं गोपद्म भरलं. खुणा मी करते, शिवण माझं काम नाही. डावी पाकळी मोठी झाली, उजवी कलली, आणि मधली चीर सरळ राहिली नाही. एखादी गाय दगडावर पाय देऊन लंगडल्यासारखं दिसत होतं. पाऊण तास लागला. मग मी टेबलावरच हात जोडले. हळदकुंकू नव्हतं, पण कापड हळदीचं होतं आणि धागा कुंकवाचा, ते देवानं पाहिलं असेल.

तेव्हाच अंजनी पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभी असलेली दिसली. किती वेळची उभी होती कोण जाणे.

"अब पी सकती हो न?" ती म्हणाली.

नथ्थू भैयांनी डबा उघडला. "आप नहीं खाईं तो हम कैसे खाते," ते म्हणाले. भेंडीची भाजी होती, पोळ्या होत्या. मी त्यांच्यातली अर्धी पोळी घेतली. दुसऱ्याच्या हातचं मी सहसा खात नाही, पण त्या दिवशी ती प्रसादाची वाटली, आणि अजूनही वाटते.

"भैया," मी सांगितलं, "राधाबाई म्हणाल्या, तुमचा हात फार चांगला आहे."

"कौन राधाबाई?"

"शहपुऱ्याच्या. त्यांनी बघितलं नाही, तरी म्हणाल्या."

ते लाजले. चष्मा पुसत बसले.

शुक्रवारी सकाळी जिवतीची पूजा केली, भिंतीवरच्या तिच्या कॅलेंडरएवढ्या चित्राला हळदकुंकू वाहिलं, दुर्वाला आणि नातीला मनातल्या मनात ओवाळलं, सगळ्या दिशांना अक्षता टाकल्या. तुळशीपुढे तेहतीस काढली. पाणी वेळेवर आलं होतं. मग आत जाऊन तो सूट घातला. अंजनीनं तो शिवून दिला होता, गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत. ओढणी खांद्यावर कशी घ्यायची ते काही जमेना, शेवटी पदरासारखी दोन्ही खांद्यांवरून घेतली. तसंच बरं वाटलं.

बाहेर आले तर सूर्यकांतराव पेपर वाचत होते. त्यांनी वर पाहिलं, पेपर खाली ठेवला, उठून उभे राहिले.

"नमस्कार. मीनाक्षीबाई घरी आहेत का?"

"थट्टा नका करू. बदलून टाकीन."

"थट्टा काहून करीन?" ते जवळ आले आणि वाकून घेर पाहू लागले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी वाकले. "हे तर आपल्या तुळशीपुढचं आहे." बोटानं पुढे पुढे जात शेवटच्या पावलापाशी थांबले. "अन् हे कोन्त्या गाईचं?"

"माझं आहे ते."

"वाटलंच," ते म्हणाले. पण हसले नाहीत. मला बसपर्यंत सोडायला आले, जे ते निवृत्त झाल्यापासून एकदाही आले नव्हते.

बसमध्ये तिसऱ्या सीटवर बसले तेव्हा कंडक्टर म्हणाला, "माताजी, ये सीट रोज वाली दीदी की है." मग त्यानं मला ओळखलं आणि कानाला हात लावला.

कारखान्याच्या मधल्या खोलीत गाद्या घातल्या होत्या. व्यापारी बसले, चहा झाला. अंजनी दोन्ही खिशांत हात घालून आली, एका खिशातून स्कूटीची किल्ली काढून दाखवली. नरसिंहपूरचे काका एवढे हसले की चहा सांडला. दीपाचे आरसे चमकले. मग प्रणालीनं माझ्याकडे मान हलवली.

चार पावलं चालायचं होतं. मला वाटलं, पाय जमिनीला चिकटलेत. मग राधाबाईंची गाय आठवली आणि मी चालले.

मंडल्याच्या एक व्यापारी बाई होत्या, पांढरे केस, स्वतःचं दुकान चालवणाऱ्या. त्या पुढे सरकल्या. "ये क्या है, बहनजी? पान है?"

"नाही. गाईचं पाऊल आहे." आणि मी सांगितलं. चार महिने, तेहतीस, लेकीसाठी. इतकंच. ज्या आवाजात मी रोज बोलते त्याच आवाजात. खोली शांत होती म्हणून ऐकू गेला.

पियूष भैया जवळ येऊन घेर बघत होते. त्यांना खोट चटकन दिसते. "बाकी सब एक नंबर," ते हळूच म्हणाले, "बस ये एक टेढ़ा रह गया. नथ्थू से ठीक करवा लो."

"राहू द्या भैया. ते मी केलं आहे. तेवढं एकच माझ्या हातचं आहे."

मंडल्याच्या बाई म्हणाल्या, "पियूषजी, यही चाहिए मुझे. ऐसा का ऐसा. पचास पीस, दीवाली के पहले. बाकी माल बाद में देखती हूँ."

प्रणालीचे डोळे चमकले. तिनं माझ्याकडे पाहिलं. पियूष भैयांनीही पाहिलं. नाही म्हणायची मला सवय नाही. नाही हा शब्द माझ्याकडे देवापुरता असतो, हे खाणार नाही, ते नेसणार नाही. माणसांना मी नाही म्हणत नाही.

"हे नाही," मी म्हटलं. "हे नको, ताई. हे व्रत आहे. दुसरं काढून देईन मी, तुमच्यासाठी वेगळं. पण हे नाही देता येणार."

मला वाटलं, आता पियूष भैया रागावतील, आणि ते बरोबरच ठरेल. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा त्या वाकड्या पावलाकडे. पियूष भैया जैन, लवकरच त्यांचं पर्युषण येणार होतं. त्यांच्या आई आठ-आठ दिवस पाण्यावर असतात, ते मला माहीत होतं, पण त्या क्षणी आठवलं नव्हतं. त्यांना आठवलं असावं.

"नहीं मिलेगा, आंटीजी," ते म्हणाले. "उपवास हमारे घर में भी बेचते नहीं हैं. दीदी आपको और कुछ बना देंगी. दीदी का चॉक है, आप भरोसा रखो." मग माझ्याकडे वळून, "सामने ही बैठो न दीदी. यहीं काढो, आंटीजी को दिखाके."

खडूची टिक्की अंजनीनं आणून दिली, आपल्या खिशातून. मी गादीवर बसले, मांडीवर कोरं कापड घेतलं. त्या सोमवारी आणि मंगळवारी न सुचलेलं सगळं तेव्हा हाताला आलं. तुळशीची मंजिरी, जाईची कळी, समईची वात, आमच्या अंगणातल्या पारिजातकाचा देठ. मंडल्याच्या बाईंनी मंजिरी घेतली. निघताना त्या माझ्याजवळ थांबल्या आणि वाकून त्या वाकड्या पावलाला हात लावून तो डोळ्यांना लावला. मी मागे सरकायला हवं होतं. सरकले नाही. नमस्कार मला नव्हताच.

त्या दिवसापासून माझं टेबल पुढच्या खोलीत आहे. गिऱ्हाईक समोर बसतं, मला विचारतं, मी काढते. बहुतेक दिवस साडीच नेसते मी. ती माझीच आहे. शुक्रवारी तो हळदीचा सूट घालते, ओढणी पदरासारखी घेऊन. पहिल्यांदा मला कळलं की आपलं म्हणून काही अंगावर घातलं की आपण आपल्याला विसरून काम करतो. मी उलटं समजत होते.

कार्तिकात उद्यापन झालं. दुर्वा नातीला घेऊन आली, राधाबाईंना शहपुऱ्याहून गाडी करून आणलं. जोडप्याला जेवू घालायचं असतं, वाण द्यायचं असतं. मी नथ्थू भैयांना आणि त्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. भैया अवघडून पाटावर बसले, धोतराची घडी सारखी करत. राधाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "मी म्हनलं होतं ना?"

जेवणं झाल्यावर मी तुळशीपुढची शेवटची रांगोळी पाहत उभी होते. पाच वर्षं रोज काढली आणि रोज पुसली. तेवढा एक बुधवार पुसला गेला नाही. तो आत कपाटात, घडी करून ठेवलेला होता.

नथ्थू भैया मागे येऊन उभे राहिले. "दीदी, एक बात पूछूँ? उस दिन बत्तीस तो मैंने बनाए. तो पुण्य किसका हुआ?"

"तुमचंच भैया," मी म्हटलं. "माझं एकच. तेही लंगडं."

"हओ," ते म्हणाले, समाधानानं, आणि वाणाची पिशवी उचलून बायकोला हाक मारली.